फिल्मवर उठलेले आकडे

ओली फिल्म बल्बसमोर धरली आणि बाळाचं तोंड सापडेना. ओल्या वाळूवर कुणी बोटं फिरवावीत तसे दाणे आणि मध्ये एक फिकट डाग. पुढच्या फोटोत तेच. शेवटपर्यंत पाहिली. एकही फोटो धड नव्हता.

बाहेर बाकावर धारगळचा संदेश बसला होता. बरोबर त्याची आई. फोटोत होती त्याची बहीण सुजाता आणि तिची जुळी, थोरला मुलगा, धाकटी मुलगी. सुजाता बाळंतपणाला माहेरी आली होती. हॉस्पिटलातून घरी आल्यावर काही दिवसांत ती तापाने गेली. तिच्यामागून मुलगा गेला. सुजाताचे फोटो लग्नाच्या आल्बमात आहेत. मुलाचे होते ते या एका फिल्मवर.

मोबाइलवर का नाहीत, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. संदेशच्या आईची सक्त तंबी होती की बारशाआधी मोबाइलवर फोटो काढायचा नाही. एकदा तो व्हॉट्सॲपवर गेला की कोण कुठल्या नजरेने बघेल सांगता येत नाही. संदेशकडे वडिलांचा जुना फिल्मचा कॅमेरा होता. त्याने फार गळ घातली तेव्हा ती म्हणाली, "त्यात लगेच काय दिसणा नाय. ता चलात. पण बारसां होयसर धुवक देव नको." बारसं झालंच नाही.

डिचोलीत आमचा स्टुडिओ आहे. नवऱ्याने काढला, मी त्याच्या हाताखाली डार्करूम शिकले. खाणींचे ट्रक भरून वाहत होते तेव्हा ड्रायव्हर-क्लीनरच्या पासपोर्ट फोटोंवर आमचं घर चाललं. आता हौशी पोरं जुने कॅमेरे घेऊन येतात, म्हणून डार्करूम चालू आहे.

मी बाहेर येऊन सांगितलं, "डाग आलेत."

"कसले डाग?" संदेश उठला.

"ते बघायचंय. आज नेऊ नको."

"मावशी, केमिकल जुनं होतं काय?"

"नव्हतं."

"मग पाणी? तुमच्याकडे पावसात नळाला तांबडं येतं, मला ठाऊक आहे. पणजीत दिला असता तर बरं झालं असतं."

"द्यायचा होतास."

त्याला वाईट वाटलं असेल. मला खोटं बोलून त्याला गप्प करता आलं असतं, पण मला स्वतःलाच माहीत नव्हतं की चूक माझी आहे की नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

सकाळी एकेक गोष्ट तपासायला घेतली. पाणी मी गाळून, उकळून घेते. मातीचा कण बसला तर फिल्मवर टोकदार ठिपका येतो, दाणे येत नाहीत. डेव्हलपर म्हणजे चित्र बाहेर काढणारं औषध. ते ढवळताना बुडबुडा चिकटला तर गोल डाग पडतो. हे गोल नव्हते. फिक्सर म्हणजे चित्र पक्कं करणारं औषध. ते कमी पडलं तर फिल्म दुधाळ राहते. मी परत फिक्सरमध्ये घातली, परत धुतली. डाग तिथेच. मग एक नवा रोल आमच्या दारातल्या तुळशीवर संपवला आणि त्याच औषधात, त्याच पाण्यात धुतला. पानन् पान स्वच्छ आलं.

म्हणजे माझ्या हातून नव्हतं. मला काही बरं वाटलं नाही. माझी चूक असती तर निदान शिव्या मी खाल्ल्या असत्या आणि विषय संपला असता.

संदेशच्या कॅमेऱ्याला रुंद फिल्म लागते. तिला मिडियम फॉरमॅट म्हणतात. ती डबीत नसते. तिच्या पाठीला उजेड अडवणारा लांब कागद असतो आणि दोन्ही मिळून गुंडाळलेले असतात. कागदावर बाहेरच्या अंगाला आकडे आणि ठिपके छापलेले असतात, कितवा फोटो चालू आहे ते कळायला. रोल गुंडाळला की एका वेढ्याची छपाई दुसऱ्या वेढ्याच्या फिल्मला टेकते.

फिल्म वाळेपर्यंत तिचा कागद मी टाकत नाही, ही नवऱ्याची शिस्त. तो कागद काढला. पापड भिजून सुकावा तसा तो लाटालाटांचा झाला होता. वास घेतला. खोबरेल तेल आणि धूप. मग भिंग घेऊन फिल्मवरचा डाग पाहिला. तो डाग नव्हता, आकडा होता. पाच. कागदावरच्या पाचाला जशी शेपटी, तशीच याला. बाकी दाणे म्हणजे कागदाचा पोत. गुंडाळलेल्या रोलला ओल आणि ऊब लागली की छपाई अशी फिल्मवर उठते.

फोन करून दोघांना बोलावलं.

"रोल कुठे ठेवला होता?"

संदेश आईकडे बघायला लागला. ती म्हणाली, "देवाकडे. आणि खंय ठेवतलंय?"

"कशात?"

"सोवळ्याच्या फडक्यात बांदून. नंदादीपाच्या फाटल्यान."

सोवळ्याचं फडकं घरात धुवायचं, घरातच वाळत घालायचं, कोणी शिवायचं नाही. पावसात ते कधीच पुरतं वाळत नाही. त्या ओलीत रोल बांधलेला आणि तो रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्याच्या अगदी मागे. दोन मरणं झाल्यावर त्या पुरचुंडीला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. सगळा पावसाळा ती तिथेच होती.

"बाय, माका खरां सांग," ती म्हणाली. "माझ्या दिव्यान गेलां मां ता?"

"आई, तू गप रव," संदेश म्हणाला.

"दिवा आणि ओल, दोन्हींनी," मी म्हणाले. विचारलं तिने होतं.

ती रडली नाही. पदराने बाकावरची धूळ पुसत बसली.

संदेश म्हणाला, "माझा एक मित्र कॉम्प्युटरवर साफ करतो."

"करेल. तोंड कुणाचं लावेल? डागाखालचं त्याला दिसणार नाही, मला दिसत नाही. तो आपल्या मनाचं एक पोर काढून देईल."

मी पुढे सांगितलं की एका फोटोत मुलाची मूठ बऱ्यापैकी आली आहे, तेवढी मोठी करून देते.

"मूठ नको," आई म्हणाली. "मुठी सगळ्या पोरांच्यो सारख्योच."

फिल्म कापून बटरपेपरच्या पाकिटात घातली आणि दिली. ती त्यांनी कुठे ठेवली मी विचारलं नाही. रोल संपला की लगेच धुवायला द्यावा आणि देता येत नसेल तर कोरड्या, थंड जागी ठेवावा, एवढं मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. जागा देवाची आहे की चुलीची, फिल्मला कळत नाही.

धाकटीचंही तोंड त्या फिल्मवर आलेलं नाही. तिचा फोटो पुन्हा काढता येईल. तिघांपैकी ती वाचली.