बकुळे, काळी व्याली का?

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की उठून जाणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण घडलं ते माझ्यासमोर, भर दुपारी, बारामतीतल्या एका MRI सेंटरच्या बाकड्यावर.

आम्ही काटेवाडीचे. यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. मागच्या वर्षी यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. घशातून नुसता आवाज यायचा, शब्द नाही. तसे हे मुळातच अबोल. इतक्या वर्षांत मला नावानं हाक नाही, 'अगं ए' एवढंच. आता तेवढ्यासाठीसुद्धा माझे कान आसुसले होते.

मेंदूत काय फरक पडलाय ते बघायला डॉक्टरांनी पुन्हा MRI सांगितला. नंबर यायचा होता. शेजारी शेळगावच्या एक बाई बसल्या होत्या, सासूच्या कंबरेचा MRI काढायला आलेल्या. यांनी त्यांच्याकडं मान वळवली आणि एकही अक्षर न अडखळता विचारलं,

"बकुळे, काळी व्याली का गं?"

"व्याली की, आज पहाटं..." बाई बोलून गेल्या. आणि मग तोंडावर पदर दाबून बाकड्यावरून उठल्याच.

मला भीती नाही वाटली. अंगाचा तिळपापड झाला. माझ्याशी एक शब्द नाही, आणि हिला लाडाचं नाव?

"तुम्ही ओळखता यांना?"

"न्हाय ओ ताई, पोरांची शपथ! माजं नाव कमल हाय. बकुळा फकस्त आमचे मालक म्हनायचे, ते बी घरात. ते गेले की औंदा, ह्याच आजारानं. काळी म्हंजी आमची म्हस. गाभण होती, तिच्यात लई जीव त्यांचा..."

माझा विश्वास बसला नाही. तिथूनच दिराला फोन लावला. "हे शेळगावला जायचे का कधी?"

दीर म्हणाले, "वहिनी, दादा दुकान सोडून कुठं गेलाय का कधी?"

MRI झाला. डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. डाव्या बाजूचा तो भाग आक्रसून गेला होता, तिथं आता पाणी भरलं होतं. "बोलणं इथून जुळतं. हा भाग आता परत येणार नाही," ते म्हणाले. मी घडलेलं सांगितलं. "कधी कधी एखादी शिवी, देवाचं नाव सुटतं तोंडातून. पण ओळख नसलेल्या बाईला, असं नेमकं..." त्यांनी नवी फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरली.

दोन दिवसांनी कमलबाई पत्ता विचारत आमच्या घरी आल्या. डब्यात खरवस होता. मी दारातूनच परत पाठवणार होते, पण यांनी त्यांना बघितलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसले. बाई जमिनीवर बसल्या. "पारडी झालीया," हळूच म्हणाल्या. "कपाळावर पांढरा ठिपका हाय. दोघी बी बऱ्या हायत."

हे हसले. तसं हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. "मग झालं तर," म्हणाले, आणि डोळे मिटले.

त्यानंतर आजवर एक शब्द नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. स्पीच थेरपी चालू आहे. फिल्म मी इतर डॉक्टरांनाही दाखवल्या. सगळे तेच सांगतात, की या माणसाला असं बोलता येणं शक्य नाही. मग ते कोण बोललं? मला माहीत नाही.

कमलबाईंचा मधूनमधून फोन येतो. "ताई, जरा त्यांच्या कानाला लावता का?" मी लावते. त्या तिकडून रानातलं, गोठ्यातलं काहीबाही सांगत राहतात. मी फोन धरून यांच्या ओठांकडं बघत बसते... आणि ते हलावेत की हलू नयेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.