व्याह्यांच्या पायावरचे चट्टे

"मलम लावता की नाही?" मी जरा ओरडूनच विचारलं.

"लावतो ना! परत ट्यूब संपली. दवाई लावून लावून परेशान झालो, व्याही."

दापोऱ्याचे मुरलीधरराव, माझ्या लेकीचे, सुनंदाचे सासरे, राजपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात टेबलापलीकडे उभे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर. नडग्यांवर लालसर चट्टे. मी ती बुरशी, म्हणजे गजकर्ण, ठरवून टाकली होती. केळीच्या बागेत सारखी ओल, घाम. असे पेशंट रोज येतात. बरं होत नाही म्हणजे व्याहीच मलम नीट लावत नसणार. वैताग नुसता!

"स्टूलवर पाय ठेवा. जवळून पाहू द्या."

"काहीतरीच! व्याह्यासमोर पाय करू? अन् तुम्ही त्याला हात लावणार? सुनंदाला कळलं तर जेवायला नाही वाढायची."

मुलीचा बाप सासरच्यांपुढे तसाही नमतं घेतो. मी आग्रह केला नाही. ट्यूब तेवढी बदलली. कित्येक महिने हेच: पायजमा वर, माझी चिडचिड, नवी ट्यूब.

एक दिवस सुनंदाच त्यांना हाताला धरून घेऊन आली.

"बाबा, दादांचा पाय मोटरसायकलच्या गरम सायलेन्सरला टेकलेला. जळका वास मला आला. अन् दादा आपले शेजाऱ्याला केळीचे भाव सांगतायत!"

"अगं, एवढं काही नाही झालं," मुरलीधरराव म्हणाले. "दुखतसुद्धा नाही."

भाजलं होतं नेमकं चट्ट्यावर. आणि दुखत नव्हतं. मी माझी खुर्ची टेबलापलीकडे ओढली.

"बसा. पाय माझ्या मांडीवर."

"अहो व्याही..."

"व्याही बाहेर बसलाय. आत डॉक्टर आहे."

ते हलेनात. शेवटी सुनंदानं त्यांचा पाय उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी त्यांना डोळे मिटायला लावले. कापूस लागेल तिथे बोट ठेवा म्हणालो. चट्ट्यावरून कापूस फिरवला. पुन्हा फिरवला. मग जरा दाबून.

"सुरू करा ना आता," ते म्हणाले.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागली. बधिर चट्टा आणि जाड नस म्हणजे कुष्ठरोग. पाऊल वर उचला म्हणालो, तर ते अर्धवटच उचललं गेलं. नसेवर परिणाम झालेला होता.

मी रोगाचं नाव सांगितलं. त्यांनी पायजमा खाली ओढला. मग म्हणाले, "नातीची सोयरीक चाललीय. मोडेल का हो?"

"गोळ्यांनी बरा होतो. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सुरू केल्या की दुसऱ्याला लागत नाही."

विचारलं होतं वेगळंच.

चट्टे गेले. सोयरीक मोडली. 'दापोरेवाल्यांनी रोग लपवला,' असं पाहुण्यांत झालं. रोग मीच ओळखला नव्हता; पण दवाखान्याचं नाव जाईल म्हणून मी गप्प बसलो. नातीचं पुढे दुसरीकडे चांगलं झालं; लपवल्याचा ठपका मात्र व्याह्यांवर राहिला. त्यांचं पाऊल आजही घासत पडतं. हे लिहू का विचारलं, तर म्हणाले, "लिहा की. आता काय मोडायचं राहिलंय?"

म्हणून लिहितो. त्यांनी काही लपवलं नाही. दर वेळी पायजमा वर करून ते दाखवतच होते. टेबलाच्या अलीकडे बसून राहिलो तो मी.

चट्ट्यावर औषध लिहिण्याआधी त्याला हात लावावा. पाय व्याह्यांचा असला तरी.