पयले पेटी पाहून घ्या

मी माहेरी पोचले की पाण्याच्या तांब्याआधी कांता माझ्या हातात किल्ली ठेवायची. "पयले पेटी पाहून घ्या बाई, मंग च्या." एवढं बोलून ती बाहेर जायची. कधी तिला नळावर काम असायचं, कधी शेळी बांधायची असायची. एकदा काहीच सुचलं नाही, तर झाडलेलं अंगण पुन्हा झाडत बसली. मी पेटी उघडायचे, आत पाहिल्यासारखं करायचे आणि बंद करायचे. कुलूप वाजलं की ती आत येऊन चहा टाकायची. नऊ वर्षं हे असं चाललं. मला वाटायचं, ही मला टोचते. टोचावं असं मी केलंही होतं.

कांता माझ्या धाकट्या भावाची बायको. उंच, काळी, हाडकुळी. संत्र्याच्या तोडीला जायची, त्यामुळे हंगामात तिच्या हातांना सालीचा वास असायचा आणि तिने केलेल्या भाकरीलाही. काही हरवलं की तिचं एकच बोलणं, "असन कुठं तरी. जाते कुठं?" एकदा शेळी दोन दिवस आली नाही, सगळी वस्ती शोधून आली. कांता आपली भाकर खात बसली. तिसऱ्या दिवशी शेळी आपल्या पायांनी दारात. भाऊ पगाराच्या दिवशी घरी आला नाही तरी तेच, त्याच आवाजात. "असन कुठं तरी." आई चिडायची, "शेळी आन् नवरा सारखाच का वं तुले?" कांता म्हणायची, "नाई मामी, शेळी दूध देते."

माझं लग्न होऊन मी चांदूर बाजारहून अकोल्याला, जुन्या शहरात आले. तिथे एका खोलीत आम्ही सात माणसं. लग्नात मिळालेली पितळेची भांडी ठेवायला जागा नव्हती. लोखंडी पेटीत भरून आईकडेच ठेवली. दोन महिन्यांनी घेऊन जाते, असं म्हणाले होते. त्याला आता पन्नास वर्षं होत आली. पुढे माझं स्वतःचं घर झालं, त्याला मोठा माळा झाला, तरी पेटी नेली नाही. खरं सांगते, ती पेटी होती तोवर त्या घरात माझी जागा होती. ती जागा कोणाच्या वाट्याची होती हे मी पाहिलं नाही. दोन खोल्यांच्या त्या घरात पावसाळ्यात न गळणारा कोपरा एकच, आणि तिथे माझी पेटी. कांताची पोरं पाय पोटाशी घेऊन पेटीच्या कडेने झोपायची.

दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी कांता ती सगळी भांडी बाहेर काढून चिंचेने घासायची. वाळवून प्रत्येक भांडं जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर बसवायची, म्हणजे पितळेला पितळ लागू नये. स्वतः मात्र चेपलेल्या जर्मनच्या पातेल्यात शिजवायची. मी तिला एकदा बजावलंही होतं की माझी भांडी वापरायची नाहीत. ती म्हणाली, "नाई बाप्पा. पाव्हन्याच्या भांड्यात आमच्या वरनाले चव येत नाई." मी हसले होते. त्यातलं 'पाव्हन्याच्या' मला लागलं नाही. लागायला हवं होतं.

आई गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली. वस्तीतल्या पंधराएक बाया बसलेल्या होत्या. मी सगळ्यांसमोर पेटी उघडली. आई नाही तर आता आपल्या वस्तू तपासून घ्याव्यात, असं माझ्या डोक्यात आलं. आई जाऊन सात दिवसही झाले नव्हते. पेटीत मामांनी दिलेला कडीचा डबा नव्हता. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं, 'चि. विमल हिस मामाकडून'.

"कांता, मामाचा डबा कुठं हाय?"

तिने वाकून त्या रिकाम्या जागेत हात घातला. "असन कुठं तरी. तुमच्याकडं तं नाई गेला बाई? आठवून पाहा."

"मी काय माझ्याच पेटीत चोरी करीन?" मी म्हणाले. "माय डोये मिटायची वाट पाहून राहिली होती का तू?"

शेजारच्या गिरजाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. कांता "नाई बाई" एवढंच म्हणाली आणि उष्टी ताटं उचलायला लागली.

आषाढात आमच्याकडे कोणी तरी कुरडया मागितल्या. माळ्यावरून डबा काढला, तो तोच. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईने तो मला भरून दिला होता. आमच्यात लेकीला रिकाम्या हाताने लावून देत नाहीत, आणि पिशवीत कुरडयांचा चुरा होतो. आईने हाताला लागला तो घट्ट झाकणाचा डबा घेतला असणार. मी चौथी शिकलेली बाई. रोज पेपर वाचते. माझ्या घरातल्या डब्यावरचं माझंच नाव मी वर्षभर वाचलं नव्हतं. आणि त्यातल्या कुरडया कांतानेच घातलेल्या होत्या.

घरात फोन होता. मी केला नाही. पंधरा बायांसमोर बोललेलं मागे कसं घ्यायचं? मी मोठी, ती लहान. मी डबा पुसला, त्यात दाणे भरले आणि वापरायला लागले.

पुढच्या वर्षी नातीचं बारसं झालं. कांता संत्र्यांची पिशवी आणि झबलं घेऊन आली, आणि सवयीने माझ्या मोरीत भांडी घासायला बसली. त्या ढिगात डबा होता, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दारात उभी होते. तिला वाचता येत नव्हतं. पण तीस वर्षं घासलेला डबा ओळखायला अक्षरं लागत नाहीत. तिने त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग राख घेतली, घासला, धुतला, पदराने पुसला.

"बाई, हा वरच्या फळीवर ठिवू का?"

"ठेव."

नावाची बाजू भिंतीकडे करून तिने तो ठेवला. त्यानंतर मी माहेरी गेले तेव्हा पहिल्यांदा तिने माझ्या हातात किल्ली दिली.

मागच्या थंडीत कांता गेली. तीन दिवसांचा ताप आला, तेवढाच. मी पोचले तेव्हा तिला बाहेर ठेवलेलं होतं. त्या दिवशी मला किल्ली कोणी दिली नाही.

यंदा भावाला घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडायचं ठरलं. कांताच्या सुनेचा, रूपाचा फोन आला. "आत्याबाई, सामान काढून राहिलो आमी. तुमची पेटी घिऊन जा, नाई तं भंगारात जाईन." मी कापडी पिशवीत डबा घेतला आणि अमरावतीला गाडी बदलून चांदूरला गेले. अंगणात सगळा संसार मांडलेला होता. आईचं जातं, मोडकी खाट, गळका माठ, चाळण्या. जर्मनचं पातेलं भंगाराच्या ढिगात होतं. गिरजाबाई गाठोडी बांधत होत्या. माझी पेटी तेवढी आतच होती, कोपऱ्यात.

रूपाने कमरेची किल्ली काढून दिली. सासूला तीही मामीच म्हणायची. "मामीनं सांगून ठिवलं होतं, आत्याबाईच्याच हाती द्याची."

मी पेटी उघडली. सगळी भांडी आपापल्या चुंबळीवर लखलखीत. उजव्या कोपऱ्यात एक चुंबळ रिकामी. तिचं कापड नवं होतं. बारशाला कांता जे पातळ नेसून आली होती, त्याचं.

मी हाक मारून गिरजाबाईंना आत बोलावलं. म्हणाले, "गिरजाबाई, तो डबा माझ्याकडंच होता."

त्या दारातच थांबल्या. "माहीत हाय. बारशाहून आली तवाच कांतानं सांगतलं होतं आमाले."

"आमाले म्हंजे?"

"त्या दिवशी होत्या तेवढ्या सगळ्याईले."

"मंग कोनी बोललं काहून नाई मले?"

"तिनं बोलू देलं नाई. म्हने, बाईले समजलं का आपल्याले ठाऊक हाय, तं लाजंनं येनं बंद करतीन. माय तं गेली, भावाचंही घर तुटन त्याईचं. ठिवतीन म्हने डबा परत आपल्या हातानं. मी बाहीर जात जाईन, म्हंजे त्याईले ठिवता येईन."

नऊ वर्षं त्या बायांनी मला चहा पाजला होता. माझे गुडघे कसे आहेत विचारलं होतं. आणि कांता झाडलेलं अंगण झाडत, कुलूप वाजायची वाट पाहत होती.

भांडी रूपाकडेच राहिली. वापर म्हणून सांगितलं तिला. पण ते नंतर. त्या वेळी मी पिशवीतून डबा काढला आणि त्या रिकाम्या चुंबळीवर ठेवला. तो बरोबर बसला. रूपा आणि गिरजाबाई समोरच उभ्या होत्या. या वेळी बाहेर कोणी गेलं नाही.