अर्धं डोकं आणि दूध-जिलेबी

माझं डोकं कॉलेजपासून दुखतं. उजवीकडचं, डोळ्याच्या मागून सुरू होऊन मानेपर्यंत. पंधरा वर्षांत इतकी सवय झाली होती की कोणी विचारलं तर "नेहमीचंच" म्हणून मी मोकळी व्हायचे. दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि महिन्यातून दोनदा येणारं दुखणं आठवड्यातून तीनदा यायला लागलं. या दिवसांत अर्धशिशी कमी होते म्हणे. लोकांचं हे "म्हणे" मला आजवर कधी लागू पडलेलं नाही, तेव्हाही पडलं नाही.

पूर्वी मी एक गोळी घ्यायचे. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला माझं तोंड पाहूनच पाकीट काढून ठेवायचा. पहिल्या खेपेला दिवस राहिलेत हे कळायच्या आधी मी त्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. रामदासपेठेतल्या माझ्या डॉक्टर मॅडमनी तीन वेळा समजावलं, की गोळीमुळे नाही झालं, असं कित्येक जणींचं होतं. मी मान हलवली आणि त्यातलं एक अक्षर मानलं नाही. दुसऱ्या खेपेला मी ठरवून टाकलं, हे बाळ हातात येईपर्यंत तोंडात गोळी नाही. साधी पॅरासिटामॉल चालते म्हणून त्यांनी लिहून दिली होती, ती कपाटात तशीच पडून होती. खरं सांगितलं तर आणखी काही लिहून देतील, या धास्तीने मी त्यांना खरं सांगणंच बंद केलं. त्या विचारायच्या, "डोकं कसं आहे?" मी म्हणायचे, "नेहमीचंच, मॅडम."

नेहमीचं कसलं आलंय. ऑफिसात ट्यूबलाइटखाली बसवत नव्हतं म्हणून मी गॉगल लावून आवक-जावक रजिस्टर लिहायचे. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ रोज विचारायचे, "मॅडम, आज कुठं शूटिंग?" एकदा मी हसले, उठले आणि बाथरूममध्ये जाऊन भडाभडा ओकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. माणसं चांगली असतात, पण त्यांना थांबायचं कळत नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. एप्रिल लागला, कूलरला नव्या खसच्या ताट्या बसवल्या. ओल्या खसचा वास आवडत नाही असा माणूस नागपुरात सापडणार नाही. मला त्या वासाने पाच मिनिटांत डोळा उघडवेना. मग कूलर बंद. नवरा बिचारा गादी घेऊन गच्चीवर झोपायला गेला. तक्रार केली नाही, पण रोज सकाळी खाली येताना असं तोंड करायचा की तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

सहाव्या महिन्यात सावनेरहून सासूबाई आल्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी मला डोकं धरून बसलेली पाहिलं.

"अर्धं दुखते?"

"हो. नेहमीचंच आहे, आई."

"मंग दूध-जिलेबी पाहिजे. सूर्य निघाच्या आधी खायची. अन खाऊन होऊन उजेड येईलोक कोणासंग बोलायचं नाई. एक शब्द निघाला का गेलं सारं वाया."

मी शिकलेली बाई, मनातल्या मनात खूप हसले. पण त्यात गोळी नव्हती, तेवढंच मला पुरे होतं. शुगरचा रिपोर्ट चांगला आला होता, त्यामुळे नवऱ्याचीही बोलती बंद झाली. डोकं धरलं की संध्याकाळी जरीपटक्याच्या बाजारातून दोन जिलेब्या यायच्या, रात्रभर दुधात भिजायच्या, आणि पहाटे सासूबाई मला खांद्याला हात लावून उठवायच्या. दिवा लावायचा नाही. त्या पूर्वेच्या खिडकीखाली पाट मांडायच्या, वाटी हातात द्यायच्या आणि समोर बसायच्या. मी गिळगिळीत जिलेबी चमच्याने खायची, दोघींनी गप्प बसायचं. खरं सांगू? दिवसभर "कसं वाटतंय, कसं वाटतंय" ऐकून मी विटले होते. तेवढी पंधरा मिनिटं मला कोणी काही विचारत नव्हतं. डोकं थांबायचं की नाही ते सोडा, मला त्या पहाटेची ओढ लागली होती.

सातव्यात डोहाळजेवण झालं. मोगऱ्याच्या वेण्यांनी पुन्हा डोकं उठलं, ते जाऊ दे. सासूबाईंनी दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. तेव्हापासून चमचा तोंडाकडे नेला की त्या खळखळायच्या. गप्प बसायचा नियम तोंडांना होता, बांगड्यांना नव्हता.

आठवा लागला. ऊन असं की दुपारी रस्ता डोळ्यांत घुसायचा. तपासणीचा दिवस आला तेव्हा डोकं दुखत होतं, म्हणून मी ती आठ दिवस पुढे ढकलली. पाय सुजले होते, पण उन्हाळ्यात कोणाचे सुजत नाहीत? चेहरा भरला होता. सगळे म्हणाले, तेज आलं. मलाही बरं वाटलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पहाटे सासूबाईंचा हात खांद्यावर पडला तेव्हा मी जागीच होते. डोकं उजवीकडचं नव्हतं. सगळं कपाळ आणि मागचा भाग एकदम ठणकत होता. डोळे मिटले तरी ठिणग्या उडत होत्या. उजव्या बरगडीखाली दुखत होतं, ते मी कालच्या जिलेबीच्या नावावर टाकलं. हे वेगळं आहे हे मला कळत होतं. आज कबूल करते, कळत होतं. पण दवाखान्यात गेले की सुया, गोळ्या, आणि मग पुन्हा ते पहिल्यासारखं झालं तर? दिवस उजाडला आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं, तो शब्द मी तयारच ठेवला होता.

पाटावर बसले. वाटी घेतली. दोन घास खाल्ले. तिसऱ्याला सासूबाईंनी खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली.

"तुह्या बांगड्या काहून वाजून नाई राहिल्या वं?"

मी दचकले. बाहेर अजून काळोख होता. मी बोट खिडकीकडे केलं, म्हणजे बोलायचं नाही ना अजून.

"जाऊ दे तिकडं तो सूर्य. हात पाहू."

बांगड्या मनगटात रुतून बसल्या होत्या, जागची एक हलत नव्हती. त्यांनी अंगठ्याने मनगट दाबलं. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाशिवायच न्याहाळला, आणि मग उठून जिन्यातून गच्चीवर अशी हाक मारली की शेजारच्या घरात दिवा लागला. "ऊठ गा, गाडी काढ."

दवाखान्यात नर्सने बीपी घेतला, पुन्हा घेतला, आकडा मला न सांगता धावत गेली. सलाईन लावायची तर बांगड्या आड येत होत्या. तोडायला कोणी पक्कड आणली. सासूबाईंनी ती परत पाठवली. आमच्यात बांगड्या फुटल्या असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात, आणि गरोदर बाईच्या तर तडकलेल्या पाहिल्या तरी घरभर धास्ती पसरते. त्या बाईने माझ्या कातडीला पदराचं टोक लावून चोवीसच्या चोवीस स्वतःच्या हाताने वाढवल्या. त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मी रडत होते आणि एकच बडबडत होते, "मी एकही गोळी नाही घेतली, आई. एकही नाही घेतली."

मॅडम आल्या. "डोकं किती दिवसांपासून?" मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, "बीपी फार चढलाय. आणखी एक दिवस घरी राहिला असतात तर मी काही सांगू शकले नसते."

दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. दोन किलोसुद्धा नाही. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती, आणि मी तिच्या छातीकडे पाहत बसायचे, हलते की नाही. आता ती चालते, चावते आणि माझ्यासारखीच तापट आहे.

घरी आल्यावर एकदा मी सासूबाईंना म्हटलं, "बरं झालं आई, तुम्ही बोललात. मी तर उजेड व्हायची वाट पाहत होते."

त्या लेकीला तेल लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोलायची बंदी होती तेच बरं झालं. नाई तर मी विचारलं असतं, अन तू म्हटली असती नेहमीचंच. अन मी मानलं असतं."

डोकं अजून दुखतं. नवऱ्याने विचारलं तर आता मी कुठं, कधीपासून, कसं, सगळं सांगत बसते. तो कंटाळतो. कंटाळू दे.