मुरबाडवालीचं नाव

देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटलं होतं, तेव्हा आमच्या शेणवे गावात मतदारांच्या याद्या लिहायचं काम निघालं. बायका तलाठ्यासमोर तोंड उघडत नसत, म्हणून त्याने त्यांची वही माझ्या हातात दिली. मी नुकतीच सातवीची फायनल पास झाले होते, मुलींना शिकवत होते आणि स्वतःच्या अक्षरावर बेहद्द खूश होते. आठ दिवसांत गाव उरकलं. बाईने जे सांगितलं ते लिहिलं: धाकल्याची आई, पाटलाची सून, वाडीवरची म्हातारी. माझ्या थोरल्या काकीपुढे लिहिलं, मुरबाडवाली. माहेर मुरबाडचं, म्हणून सगळं गाव तिला तेच म्हणायचं.

दुपारी काकी पडवीत माझ्याशेजारी बसून दिल्लीच्या गोष्टी ऐकायची. घटना अजून लिहून व्हायची होती, पण मसुद्यात दोन सभागृहं होती आणि त्यांच्याबद्दल पेपरात छापून आलं होतं. खालच्या सभागृहात आपण सगळ्यांनी निवडून दिलेली माणसं बसणार. पाच वर्षं झाली की ते मोडायचं आणि पुन्हा सगळी निवड. वरच्यातली माणसं प्रांतांच्या सभांमधले सभासद निवडणार, थोडी जाणती माणसं राष्ट्रपती नेमणार. ते सभागृह कधीच मोडायचं नाही. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा उठणार आणि तिथे नवी माणसं बसणार.

"बरोबर हाय," काकी म्हणाली. "माळ्यावरच्या बियाण्यासारखं. ओटी रोज झाडायची, पण माळा एकदम रिकामा नाय करायचा."

मला हेच समजायला दोन दिवस लागले होते. त्यानंतर ती आढ्याकडे बघत बसायची आणि मलाही दिल्ली दिसायला लागायची. शेणाने सारवलेली, गार, थेट क्षितिजापर्यंत गेलेली ओटी, तिच्यावर माणसांचा गलबला, आणि वर माळ्यावर हळू आवाजात बोलणारे कुणी तरी. अजूनही संसद म्हटलं की मला आधी तीच दिसते.

काकांना पूर्वी एकदा मत होतं, पुरेसा शेतसारा भरायचे म्हणून. त्या दिवशी शहापुरात ते मत द्यायला आत गेले आणि काकी चिंचेखाली बैल धरून उभी राहिली. आता शेतसारा असो नसो, लिहितावाचता येवो न येवो, प्रत्येकाला मत मिळणार होतं. काका नव्हते, मूलबाळ नव्हतं. काकीला ते मत इतकं हवं होतं की मला कधी कधी भीती वाटायची.

आणि वही तालुक्याच्या कचेरीतून परत आली. जिथे जिथे आई, सून, म्हातारी, मुरबाडवाली होतं, तिथे तिथे लाल रेघ. प्रत्येकीचं स्वतःचं नाव लिहा, नाही तर यादीतून गाळू, अशी ताकीद होती. मुदत सोमवारपर्यंत. माझं सुंदर अक्षर पार पाण्यात गेलं. मी पुन्हा दारोदार फिरले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि कानात नावं सांगून मोकळ्या झाल्या.

काकीला मात्र सांगता येईना.

"मना नाय आठवत गो," ती शेवटी म्हणाली. सहाव्या वर्षी लग्न झालेलं. माहेरी सगळे बायच म्हणायचे, सासरी आल्यावर मुरबाडवाली झाली. बारशाच्या नावाने हाक मारणारा एकटा बाप होता.

मी घाईला आलेली. म्हटलं, "एखादं छानसं नाव लिहिते. कोण विचारतंय?"

"खोट्या नावानं मत देऊ?" काकी कडाडली. "मग त्यापरीस बैल धरून उभी रायलेली बरी!"

मी ओशाळले. रविवारी पहाटेच मुरबाडला जायला गाडी जुंपली.

किन्हवली मागे पडली, सरळगाव गेलं. कापणी झालेली खाचरं उन्हात पडून होती. काकी सगळ्या वाटेने ओठ हलवत होती, आणि कुठलंच नाव जुळत नव्हतं.

मुरबाडला तिचा थोरला भाऊ पडवीत खाटेवर पडून होता. डोळे गेलेले, कानही मंद. काकी त्याच्या पायाशी बसून मोठ्याने म्हणाली, "दादा, माझं नाव काय होतं रे?"

"याड लागलं का गो बाय?" तो हसला. मग हसू थांबलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तो कोपरावर उठला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बाप शेताच्या बांधावरून मारायचा तशी लांब हाक मारली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

काकी दाराकडे बघत राहिली, जणू त्या नावाची कुणी मुलगी धावत आत येणार होती. कुणी आलं नाही. मग तिचा चेहरा हळूहळू मोडला आणि ती भावाच्या पायांवर डोकं ठेवून रडली. मीही रडले. वहीत नाव लिहिताना माझं अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं.

परतताना आम्ही काळू नदी ओलांडली. मग काकी म्हणाली, "पोरी, मताच्या दिवशी यादी वाचून हाक मारतील ना? नि मना कळलंच नाय, मना बोलावतात म्हणून, तर?"

"मग?"

"तू मार गो हाक. सवय होऊ दे."

मी काकीला नावाने हाक मारली. जीभ अडखळली. तिने ओ दिली नाही; ती लांब खाचरांकडे बघत होती. मी दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. किन्हवलीच्या अलीकडे कुठे तरी, बारीक, सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात, ती म्हणाली, "ओ."