बसची पाळी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे, काही काम नसताना बसमध्ये बसून अकोटला गेलो आणि त्याच बसनं परत आलो.

त्या दिवशी पाळी आमची नव्हती, समोरच्या घराची होती. पण त्यांच्या दाराला कडी दिसली तसा बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चुलीवरचा चहा खाली उतरवला आणि मला म्हणाली, "टोपी घाला. चाला."

"आपली पाळी परवा हाय," मी म्हटलं.

"त्या बसले माईत हाय का ते?"

पाळीचं काय ते आधी सांगतो. आमचं गाव अकोटच्या रस्त्यापासून आत आहे. रस्त्यावर फाटा आहे, तिथं चारी बाजूंच्या गाड्या मिळतात. गावात मात्र सकाळी एकच एसटी यायची, शाळेपाशी वळायची, अकोटला जायची आणि दुपारी तीच परत यायची. आमच्या लोकांची सवय अशी, की दारातली बस सोडून फाट्यावर जायचं. कोणी मोटारसायकलवर तिघं, कोणी ऑटोत लटकून. फाट्यावर पानठेला आहे, चार माणसं भेटतात, पाहिजे ती गाडी धरता येते. मीही त्यातलाच. बायको मागं, मी दहा पावलं पुढं. ती मागून म्हणायची, "दारातली गाडी रिकामी जाते जी, चांगलं नाई दिसत." मी म्हणायचो, "तुह्या बापाची हाय का?"

वर्षानुवर्षं ती बस रिकामी गेली. मग एक दिवस आलीच नाही. अकोटच्या डेपोत विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, तुमच्या गावातून बसतं कोण? खोटं काही बोलले नाहीत.

बंद झाल्यावर कळलं. जवान माणसांचं काही अडलं नाही. अडलं ते म्हाताऱ्यांचं, बायांचं, कॉलेजात जाणाऱ्या पोरींचं. बुढीचे गुडघे गेलेले. फाट्यापर्यंत जायचं तर ती तीन ठिकाणी बसायची. दोन दिवाळ्या अकोल्याला पोरीकडं गेली नाही. पोरगा अमरावतीला, तो म्हणायचा, आई, मी गाडी करून देतो. ती म्हणायची, "मले पोरीच्या घरी एक घोट चहा प्याले जायाचं असन, तं गाडी करू का?"

शेवटी तिनंच दहा-बारा बाया गोळा केल्या. अर्जावर कोणाची सही, कोणाचा अंगठा. गेल्या डेपोत. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, एक महिना चालवून पाहू. माणसं बसली तर राहील, नाही बसली तर पुन्हा अर्ज आणू नका.

घरी आली आणि तिनं पाळी लावली. सामाईक विहिरीच्या पाण्याची लावतात तशी. आज याचं वावर ओलवायचं, उद्या त्याचं. तसं आज या घरानं दोन माणसं बसमध्ये बसवायची, उद्या त्या घरानं, काम असो का नसो. बाई दुसरीपर्यंत शिकलेली, पण भिंतीवर कोळशानं रेघा ओढून अख्खं गाव बसवलं तिनं. लोक हसले. समोरच्या घरचा म्हणाला, "काकू, पान्याची पाळी ऐकली व्हती, बसची पहिल्यांदाच ऐकून राह्यलो."

"पान्याची चुकली तं वावर सुकते, बापू. याची चुकली तं म्हातारे सुकतात."

पहिला आठवडा बरा गेला. मग कापूस वेचायचे दिवस आले आणि पाळ्या चुकायला लागल्या. ज्याची चुकली त्याच्या जागी आम्ही दोघं. मला कंटाळा यायचा. खरं सांगतो, मी शिव्या देत उठायचो.

तर त्या दिवशी आम्ही बसलो. ती खिडकीपाशी, मी तिच्या बाजूला. कंडक्टर कानावर केस पिकलेला, बोलका. "आले का माह्ये रोजचे पासिंजर?" म्हणत मशीन घेऊन आला. मला पंचाहत्तर उलटली, माझं तिकीट माफ. कार्ड दाखवलं की मशीन शून्याचं तिकीट काढते. बाईमाणसाचं अर्धं.

"घ्या," बुढी म्हणाली, "तुमी शून्य, मी अर्धी. दोघं मिळून एक मानूस बी नाई झालो."

कंडक्टर हसला. "आजी, तिथं डोकी मोजतात. शून्यवाल्याचं डोकं बी मोजतात."

"शून्य काय मोजतील डोंबलाचं!"

तिला ते पटलं नाही. मलाही नाही पटलं. बस राहिली तर तिच्या अर्ध्यावर राहील, माझ्यावर नाही, असंच आमच्या डोक्यात होतं. मी आपला तिच्या सोबतीला.

फाट्यावर बस थांबली, तर समोरच्या घरचा तिथंच उभा! पाळी त्याची, आणि चढला फाट्यावरून. आम्हाला पाहून खाली पाहायला लागला.

"काहून रे बापू," बुढी म्हणाली, "हे गाव कोनतं हाय?"

"काकू, सवय हो. पाय आपोआप इकडंच येतात."

"सवयीनंच बंद पडली व्हती एकदा. आता पायाले सांग, घरापाशी चढत जा."

सगळी बस हसली. तोही हसला. मीच हसलो नाही, कारण ते माझ्याही पायांना लागत होतं.

अकोटच्या स्टँडवर उतरलो. चहा घेतला. ती बशीतून प्यायली. बाहेरच्या दुकानात तिनं एक चप्पल पायात घालून पाहिली, मऊ तळाची. दोन पावलं चालून पाहिली. मी म्हटलं, "घेऊन टाक वं."

तिनं चप्पल काढून जागेवर ठेवली. "महिना होऊ द्या. बस राह्यली तं घेऊ. नाई राह्यली तं चप्पल घालून जाऊ कुठं?"

परत आलो. जेवलो. ती म्हणाली, जरा पाठ टेकते. मी बाजेवर बसून तंबाखू मळत होतो. चार वाजता चहाला हाक मारली, उठली नाही. पुन्हा मारली. डॉक्टर आला, मनगट धरलं, सोडलं, गेला. पोरगा अमरावतीहून आला, पोरगी अकोल्याहून भाड्याच्या गाडीनं आली. रात्री उशिरा सगळं आटोपलं. यावर जास्त लिहायचं बळ माझ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणसं येऊन बसली. आमच्याकडं रीत आहे, गावात मयत झालं की त्या घरासाठी लोक कामधंदा सोडून बसतात. समोरच्या घरचाही होता, डोक्याला हात लावून. कोणीतरी म्हणालं, आज काकूसाठी गावातून कोणी बाहेर जाणार नाही. चांगल्या मनानंच म्हणालं.

तेवढ्यात शाळेपाशी बसचा हॉर्न वाजला.

सगळ्यांनी ऐकला. हललं कोणी नाही. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, महिन्यातल्या सात खोडायच्या उरल्या होत्या.

मी उठलो. टोपी घातली.

पोरगा म्हणाला, "बाबा, कुठी निंगाले? सुतक हाय. लोक काय म्हनतीन?"

"बस आली."

"आजचा दिवस जाऊ द्या ना."

"तिनं एक दिवस बी जाऊ देला नाई."

कार्ड खुंटीवरच्या पिशवीत होतं. ते तिथंच राहू दिलं. मागून कोणी आलं की नाही, मी पाहिलं नाही.

बस रिकामी होती. मी कालच्याच जागी बसलो, खिडकी सोडून. कंडक्टर आला. दाराकडं पाहिलं त्यानं. "आजी?"

"काल गेली."

तो उभाच राहिला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. मी म्हटलं, "अकोट एक. फुल."

"बाबाजी, तुमचं तं माफ हाय."

"कार्ड नाई आनलं."

"मी रोज पाह्यतो तुमाले. कार्डाचं काय घेऊन बसले..."

"फुल दे म्हटलं ना."

त्यानं बटण दाबलं. मशीन वाजलं. तिकीट हातात घेतलं, डोळ्यांपाशी धरलं. अक्षर बारीक, नीट लागलं नाही. पण शून्य नव्हतं, एवढं दिसलं. ते टोपीत खोचलं. बस शाळेपाशी वळली आणि फाट्याकडं निघाली.