समोरच्या दारचं शिंग

आमच्या समोरच्या दारी राहणाऱ्या काकांइतका दमाचा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो; म्हणजे माझ्या छातीला झेपेल तितपत. वयाची सत्तरी उलटली तरी माणसं ते दमावरूनच जोखतात. मी भाजी घेऊन दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचलो की दारातून विचारणार, "काय रे, कोथिंबिरीनं दमवलं?" काका बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. दोन्ही मुलगे केव्हाच इस्रायलला गेले. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या वर्षारंभाला, सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग फुंकणारे गावात आता तेवढे एकटेच उरलेत.

मागे त्यांच्या आतड्याचा कॅन्सर काढला होता. यंदा पावसाळ्यात त्याचेच दोन ठिपके डाव्या फुप्फुसात निघाले. दवाखान्यात सोबत मीच होतो. "दोनच आहेत, कापून काढू," डॉक्टर म्हणाले. काकांनी जगण्याबिगण्याचं काही विचारलं नाही. "सणाला शिंग वाजेल ना?" एवढंच. डॉक्टर घुटमळले. तशी काकांनी माझ्या मांडीवरच्या पिशवीतून, जिच्यात मी फायली समजत होतो, शिंग काढलं आणि तिथंच फुंकलं. बाहेरची रांग उठून उभी राहिली. काका शांतपणे म्हणाले, "एवढी हवा लागते. कापताना लक्षात असू द्या."

ऑपरेशन झकास झालं. चक्कर आली ती मला. मग आलं फुप्फुसाच्या व्यायामाचं, तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. काकांनी पन्नास वर्षांच्या सवयीनं जीव खाऊन फुंकलं. चेंडू ढिम्म! फिजिओथेरपीवाली मुलगी ओरडली, "काका, फुंकायचं नाही, ओढायचं!"

"ओढतात ती बिडी. मी घेत नाही."

तीन दिवस चेंडूही हलले नाहीत आणि काकाही. चौथ्या दिवशी मी दुसरं यंत्र घेऊन ओढून दाखवलं. माझा एकच चेंडू कसाबसा उठला आणि बसला. ते बघून काका इरेला पेटले, दोन उचलले.

सणाला मी मागच्या बाकावर होतो. आखूड सूर खणखणीत लागले. शेवटचा लांब हवा असतो. पूर्वी तो संपेपर्यंत माणसं चुळबुळायची. यंदा तो लवकर थांबला. पण फाटला नाही.

"कमी पडला," घाम पुसत काका म्हणाले.

"मला तर पुरला, काका."

"तुला काय कळतंय!" शिंग कापडात गुंडाळता गुंडाळता ते जरा थांबले. "सण संपला की येत जा संध्याकाळी. शिकवतो. तू आमच्या धर्मातला नव्हेस, इथं फुंकायला चालायचा नाहीस, पण हे कसं वाजतं ते गावात आणखी कुणाला तरी ठाऊक हवं."